बुडालेल्या बोटीचें देणें

वैशाखाच्या अखेरीस आमचें सारें कुटुंब चार दिवस महाबळेश्वरीं जाऊन आलें. पुण्याचें, साताऱ्याचें, सांगलीचें आणि मुंबईचें अशीं चार बिऱ्हाडें मिळून लहानथोर एकोणीस माणसें होतीं. पहिल्या दिवशीं क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत दर्शन झालें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळींच मंडळी आर्थर सीटच्या टोकावर गेली. तेथून सावित्रीचें खोरें पायांखालीं उघडें पडतें. कृष्णा, वेण्णा, कोयना आणि गायत्री या चौघी पूर्वेची वाट धरतात; एकटी सावित्री कड्यावरून कोंकणांत उतरते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीनें पश्चिम समुद्रास मिळते. ज्या मॅलेटसाहेबावरून या टोकास आर्थर हें नांव पडलें, त्याची बायको आणि तान्हें मूल या सावित्रीच्याच पाण्यांत बोट उलटून बुडालीं व पुढें तो येथें बसून नदीकडे पाहात राही, अशी हकीकत तेथील वाटाडे सांगतात. आम्हांसही ती एका वाटाड्यानें सांगितली.

मुलें छायाचित्रें काढण्यांत गुंतलीं. आमच्या थोरल्या वहिनी मात्र कठड्याशीं बराच वेळ स्तब्ध उभ्या होत्या. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “भाऊजी, बुडालीं तीं गेलीं. पण ती बोट कोणाची होती? त्या बोटवाल्यानें मागें राहिलेल्यांस कांहीं दिलें कीं नाहीं?”

हा प्रश्न मॅलेटसाहेबाविषयींचा नव्हता, हें आम्हां थोरांच्या तेव्हांच ध्यानांत आलें. वहिनींचा नातू नौकानयनाचें शिक्षण पुरें करून एका परदेशी मालवाहू जहाजावर तिसरा अधिकारी म्हणून पुढच्या महिन्यांत रुजू व्हावयाचा आहे. घरांत पेढे वांटून झाले. पण आजीच्या मनांतील कांटा पेढ्यानें निघत नाहीं. “असतो कीं विमा,” एवढेंच म्हणून मीं त्या वेळीं वेळ मारून नेली. घरीं परतल्यावर मात्र तें उत्तर मलाच अपुरें वाटूं लागलें. विमा कशाचा, तो कोणी कोणासाठीं उतरलेला, आणि पैसे अखेर कोणाच्या हातीं पडतात, या तीन प्रश्नांचा उलगडा झाल्यावांचून ‘विमा असतो’ या शब्दांस कांहींच अर्थ नाहीं. ज्या घरांतील मुलगा आज समुद्रावर आहे अशीं घरें आपल्या वाचकवर्गांत पुष्कळ आहेत. म्हणून या महिन्यांत तोच विषय घेतला आहे.

आपल्या किनाऱ्यावर बोट बुडण्याची गोष्ट निघाली कीं ‘रामदास’चें नांव आल्यावांचून राहात नाहीं. स्वदेशीच्या चळवळींतून जी देशी आगबोट कंपनी निघाली, जिला कोंकणांतील लोक मोठ्या जिव्हाळ्यानें ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, तिची ही बोट. १७ जुलै १९४७ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्यास अवघा एक महिना उरला असतां, आषाढी अमावास्येच्या सुमारास घरीं जाण्यास निघालेलीं शेंकडों माणसें घेऊन ती सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेनें बोट एका अंगास कलंडली, घाबरलेले उतारू एकाच बाजूस धांवले, आणि पाहतां पाहतां ती पाण्याखालीं गेली. सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें; त्यामुळें सकाळीं झालेल्या अनर्थाची वार्ता मुंबईंत कळावयास संध्याकाळ उजाडली. जीं थोडीं माणसें वांचलीं त्यांतील पुष्कळांना रेवसकडील कोळ्यांनीं आपल्या मचव्यांत ओढून घेतलें होतें.

या हकीकतींत आपण नेहमीं बोटीविषयीं बोलतों, लाटेविषयीं बोलतों. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या सहाशें घरांपुढें जो प्रश्न उभा राहिला त्याविषयीं क्वचितच बोलतों. कर्ता पुरुष गेला. आतां दाद कोणाकडे मागावयाची? कायद्यानें वाट अगदींच बंद होती असें नाहीं. दुसऱ्याच्या चुकीमुळें मृत्यु ओढवला तर मृताच्या बायकामुलांस भरपाई मागतां यावी, असा कायदा इंग्लंडांत १८४६ सालीं झाला आणि हिंदुस्थानांत तो १८५५ सालीं आला. पण या हक्कास एक मोठें कुंपण होतें. साम्राज्यभर चालणाऱ्या १८९४ च्या इंग्रजी नौकाकायद्यानें जहाजमालकाच्या देण्यास मर्यादा घातली होती. अपघातांत मालकाची स्वतःची चूक नसेल, तर कितीही माणसें मेलीं तरी जहाजाच्या दर टनामागें १५ पौंड एवढेंच त्याचें एकूण देणें.

हा हिशेब आपण मांडून पाहूं. चारशें टनांची एक बोट घ्या. ‘रामदास’ साधारण एवढ्याच मापाची होती. दर टनास १५ पौंड म्हणजे ६,००० पौंड. त्या काळीं रुपया दीड शिलिंगाचा होता, तेव्हां रुपये झाले ८०,०००. अशा बोटीवरील सहाशें माणसें दगावलीं असतील, तर एका जिवामागें एकशें तेहतीस रुपये! लहान बोटींत माणसें दाटीनें बसवावीं आणि देणें मात्र माणसांवर न मोजतां टनांवर मोजावें, यांतील विपरीतपणा कोणाच्याही ध्यानांत यावा.

तरी कायदा करणारे सगळेच निर्दय होते असेंही म्हणतां येत नाहीं. त्यांची अडचण खरी होती. एका अपघाताच्या देण्यांत जर मालकाचें घरदार विकलें जाणार असेल, तर बोटी काढावयास धजेल कोण? आणि बोटी चालल्या नाहींत तर कोंकणच्या माणसानें मुंबईस यावें कसें? एकट्या माणसाच्या अंगावर न पेलणारें ओझें पडलें, तर त्यावर उपाय दोनच. एक, ओझेंच कमी करावयाचें, म्हणजे विधवेच्या वांट्यास थोडें द्यावयाचें. दुसरा, ओझें आहे तेवढेंच ठेवून खांदे वाढवावयाचे. कायद्याच्या मर्यादेनें पहिला उपाय केला. दुसरा उपाय जहाजमालकांनीं स्वतः शोधून काढला, आणि तोच आजच्या लेखाचा मुख्य विषय आहे.

खांदे वाढविण्याची ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नव्हती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नावाड्यांविषयीं एक नियम आहे. नावाड्यांच्या अपराधामुळें नावेंतील वस्तूंचें नुकसान झालें, तर तें सर्व नावाड्यांनीं मिळून, आपआपल्या वांट्याप्रमाणें भरून द्यावें. मात्र दैवी आपत्तीनें झालें तर त्यांस दंड नाहीं. या लहानशा नियमांत तीन गोष्टी आल्या आहेत. चूक आणि दैव यांत भेद केला आहे; भरपाई उतारूंच्या बाजूनें पाहिली आहे; आणि देणें एकाच्या माथीं न मारतां सर्वांत वांटलें आहे. फरक एवढाच कीं ते नावाडी एकाच नावेचे होते. निरनिराळ्या जहाजांच्या मालकांनीं, ज्यांचा एकमेकांशीं धंद्यांत चुरशीचा संबंध, अशांनीं एकमेकांच्या चुका भरून द्याव्या, ही पुढची पायरी इंग्लंडांत घडली.

आतां विमा कशाचा, हा पहिला प्रश्न. जहाजाच्या विम्याचे ढोबळ मानानें दोन भाग करतां येतात. एक जहाजाच्या सांगाड्याचा व यंत्रांचा, म्हणजे मालकाच्या स्वतःच्या मालमत्तेचा. जहाज बुडालें तर त्याची किंमत मालकास मिळते. दुसरा विमा जबाबदारीचा, म्हणजे त्या जहाजामुळें दुसऱ्याचें जें नुकसान होईल त्याचा. आपल्या मोटारीस जसा स्वतःच्या गाडीचा विमा निराळा आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाचा निराळा, तसाच हा प्रकार आहे. पहिल्या विम्याचा धंदा फार जुना. पण दुसऱ्याला हात लावावयास विमेवाले फारसे तयार नसत. जहाजांची टक्कर झाली तर समोरच्या जहाजाच्या नुकसानीचे तीन चतुर्थांश ते देत. उरलेला चौथा हिस्सा, मालकानें सावध राहावें म्हणून, त्याच्याच अंगावर ठेवीत. आणि मेलेल्या, जखमी झालेल्या माणसांचें देणें तर या व्यवहारांत येतच नसे.

१८४६ च्या कायद्यानें मृतांच्या कुटुंबांस हक्क दिला, तेव्हां मालकांस प्रथमच या देण्याची धास्ती वाटली. विमा कंपन्या तें घेईनात, म्हणून मालकांनींच एकत्र येऊन १ मे १८५५ रोजीं लंडनमध्यें परस्पर संरक्षणाची पहिली मंडळी काढली. आपल्याकडे मृतांच्या वारसांचा कायदा आला तेंही हेंच साल, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पुढें १८७० सालीं ‘वेस्टनहोप’ नांवाचें जहाज दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याशीं बुडालें. तें मालाचें ठरलेलें बंदर टाकून पुढें गेलें होतें, म्हणून त्या मालाची भरपाई मालकावर बसली, आणि ती कोणत्याही विम्यांत बसत नव्हती. तेव्हां १८७४ पासून संरक्षणास मालाच्या भरपाईचीही जोड मिळाली. संरक्षण म्हणजे प्रोटेक्शन आणि हानिपूर्ति म्हणजे इंडेम्निटी. यावरून या मंडळ्यांस ‘पी अँड आय क्लब’ असें नांव पडलें. क्लब हा शब्द ऐकून पत्ते खेळण्याची जागा डोळ्यांपुढें आणूं नये. ही मंडळी फार गंभीर कामाची आहे.

हिचें काम कसें चालतें? साताऱ्याकडच्या वाचकांस मी एकाच शब्दांत सांगेन: इर्जिक. एकाच्या शेतांतलें काम उरकेना, कीं गांवचे शेतकरी आपआपलीं अवजारें घेऊन त्याच्या शेतांत उतरतात. उद्यां त्यांच्यावर वेळ आली तर हा त्यांच्या शेतांत जातो. यांत मजूर निराळा आणि मालक निराळा असें नसतें. तसेंच येथें विमा उतरणारे आणि विमा देणारे हे एकच असतात. भागधारकांस नफा वांटावयाचा नसतो. वर्षाच्या आरंभीं प्रत्येक मालक आपल्या जहाजांचें वजन, प्रकार आणि मागील अपघात पाहून ठरलेली वर्गणी भरतो. वर्षअखेर देणीं जास्त झालीं तर सभासदांकडे पुरवणी वर्गणी मागितली जाते. शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षास कामी येते अथवा सभासदांस परतही मिळते. या मंडळ्यांचें वर्ष २० फेब्रुवारीस दुपारीं सुरू होतें. उत्तरेकडील समुद्राचा बर्फ वितळून जहाजें बाहेर पडावयाचा तो जुना काळ. आपल्या कोळी बांधवांची नारळी पौर्णिमा, तशी ही त्यांची तिथि म्हणावयाची.

अशा बारा मोठ्या मंडळ्यांचा आज एक संघ आहे. त्यांचीं ठाणीं लंडन, नॉर्वे, स्वीडन, जपान, अमेरिका इत्यादि ठिकाणीं आहेत, आणि जगांतील समुद्रगामी जहाजांपैकीं वजनानें मोजल्यास सुमारें नव्वद टक्के जहाजें त्यांच्याकडे नोंदलेलीं आहेत. एखाद्या अपघाताचे पहिले १ कोटि डॉलर त्या त्या मंडळीनें सोसावयाचे. त्यापुढें १० कोटि डॉलरांपर्यंतचें देणें साऱ्या मंडळ्यांनीं मिळून वांटून घ्यावयाचें. आणि त्याहूनही मोठा अनर्थ ओढवला तर त्यासाठीं त्यांनीं सर्वांच्या वतीनें सुमारें ३०० कोटि डॉलरांपर्यंत पुनर्विमा उतरलेला असतो. जपानी जहाजाच्या चुकीची भरपाई नॉर्वेच्या मालकानें भरावी आणि दोघांनींही त्यांत वावगें मानूं नये! एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास याचें मर्म समजावून सांगावें लागत नाहीं. एका भावाचें आजारपण, दुसऱ्याच्या मुलीचें लग्न, तिसऱ्याची बुडालेली उधारी, या सर्वांस एकच तिजोरी पुरी पडते. कारण सर्वांवर एकाच वर्षीं वेळ येत नाहीं.

परंतु एकत्र कुटुंबांत वाढलेल्यास दुसरीही एक गोष्ट ठाऊक असते. एका तिजोरीवर सर्वांचें लक्ष असतें. एक भाऊ उधळ्या निघाला तर बाकीचे किती दिवस भरतील? म्हणून या मंडळ्या सभासदाचें जहाज तपासतात, सडकें जहाज असेल तर दुरुस्ती सांगतात, वारंवार अपघात करणाराची वर्गणी वाढवितात, आणि प्रसंगीं त्यास मंडळींतून काढूनही टाकतात. परक्या निरीक्षकापेक्षां ज्याच्या खिशास चाट बसणार त्याची नजर तीक्ष्ण असते. परस्पर विम्याचा हा मोठाच गुण आहे.

येथवर सारें ऐकून आमच्या वहिनी म्हणतील, “हें मालकांचें झालें. माझ्या नातवाचें काय?” आणि त्यांचें म्हणणें बरोबरच असेल. कारण या व्यवस्थेचें एक व्यंग आहे, आणि तें तिच्या जन्मापासूनचें आहे. ही मंडळी मालकांनीं मालकांसाठीं काढली. तिचा करार मालकाशीं. बुडालेल्या खलाशाच्या घराशीं तिचें कांहींच नातें नाहीं. तिचा जुना दंडक असा कीं सभासदानें आधीं आपल्या पदरचें देणें फेडावें, आणि मग मंडळीनें तें त्यास भरून द्यावें. मालक उभा असेपर्यंत हें ठीक चालतें. पण मालकाचें दिवाळें वाजलें, किंवा ज्या एका जहाजावर त्याची कंपनी उभी होती तेंच समुद्राच्या तळाशीं गेलें, तर? त्यानें दिलें नाहीं, म्हणून मंडळीही देत नाहीं. १९९० सालीं इंग्लंडच्या सर्वोच्च पीठानें हा दंडक कायदेशीर ठरविला. म्हणजे तिजोरी भरलेली असावी, तिजवर विम्याची पाटी असावी, आणि विधवेनें मात्र दाराबाहेरच उभें राहावें, अशी ही स्थिति होती. शेजारधर्म खरा, पण तो भिंतीच्या आंतल्यांपुरता.

ही भिंत फुटली ती कायद्यानें, आणि तीही एकदम नव्हे. प्रथम तेलाची नासाडी, मग जहाजाच्या इंधनाची नासाडी, मग बुडालेल्या जहाजाचा सांगाडा काढण्याचा खर्च, अशा एकेका बाबतींत राष्ट्राराष्ट्रांत करार झाले. त्यांचें सार असें, कीं जहाजानें विम्याचें प्रमाणपत्र जवळ बाळगलेंच पाहिजे आणि ज्याचें नुकसान झालें त्यास मालकास वगळून थेट विमा देणारावर दावा करतां आला पाहिजे. सांगाड्याविषयींचा करार २००७ सालीं नैरोबी येथें झाला आणि भारतानें तो २०११ सालीं स्वीकारला.

याची निकड मुंबईस किती होती, हें त्या दोन वर्षांत दिसून आलें. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं ‘एम. एस. सी. चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडली, तिच्यावरील शेंकडों लोखंडी पेट्या पाण्यांत पडल्या आणि सुमारें आठशें टन तेल समुद्रांत गेलें. बंदर कांहीं दिवस बंद पडलें; मुंबई व रायगडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांची मासळी कोणी घेईना. पुढच्याच सालीं जून महिन्यांत मोडीस निघालेलें ‘विज़्डम’ हें जहाज दोर तुटून जुहूच्या वाळूंत रुतलें. जुलैच्या अखेरीस ‘पवित’ नांवाचें, खलाशांनीं ओमानच्या बाजूस सोडून दिलेलें, निर्मनुष्य तेलवाहू जहाज वाहात वाहात त्याच जुहूस येऊन लागलें. आणि ४ ऑगस्ट २०११ रोजीं साठ हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन येणारें ‘राक कॅरियर’ मुंबईच्या समोर बुडालें. या शेवटच्या प्रकरणांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें जहाजाच्या मालकांकडून १०० कोटि रुपयांची भरपाई घ्यावी असा निकाल दिला. पण तो निकाल लागावयास २०१६ साल उजाडलें. या अनुभवानंतर केंद्र सरकारनें २०१२ सालीं नियम केला, कीं तीनशें टन किंवा अधिक वजनाच्या परदेशी जहाजानें जबाबदारीचा विमा दाखविल्यावांचून आपल्या बंदरांत पाऊल टाकूं नये. अतिथीचें स्वागत करावें, पण त्याच्या हातांतली मशाल कोणाच्या जामिनावर आहे हें आधीं विचारावें, असा हा साधा व्यवहार आहे.

आतां खलाशांविषयीं. समुद्रावरील कामगारांच्या हक्कांचा एक आंतरराष्ट्रीय करार २००६ सालीं झाला आणि भारतानें २०१५ सालीं त्यास मान्यता दिली. त्या करारांत १८ जानेवारी २०१७ पासून एक महत्त्वाची भर अंमलांत आली. ती आपल्या घरांतील प्रत्येकानें नीट वाचावी अशी आहे. मालकानें खलाशास परक्या बंदरांत वाऱ्यावर सोडून दिलें, तर विमा देणारानें त्याच्या अन्नपाण्याची व घरीं परत येण्याची सोय करावी आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार द्यावा. कामावर असतां मृत्यु आला किंवा कायमचें अपंगत्व आलें, तर करारांत ठरलेली रक्कम पूर्ण आणि विनाविलंब द्यावी. कमी रकमेवर तडजोड करण्यासाठीं कोणावर दडपण आणूं नये. आणि ही मागणी स्वतः खलाशास, किंवा तो नसल्यास त्याच्या वारसास, थेट करतां यावी. या विम्याचें प्रमाणपत्र, विमा देणाराच्या नांवपत्त्यासह, जहाजावर सर्वांस दिसेल अशा जागीं लावलेलें असलें पाहिजे. १८५५ सालीं जें दार बंद होतें, तें अशा रीतीनें शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर खलाशाच्या घरासाठीं उघडलें.

दार उघडलें म्हणजे आंत जातां येतें. पण जाणाराला दाराचा पत्ता हवा. माझ्या समजुतीनें ज्या घरांतील मुलगा जहाजावर जाणार असेल, त्या घरानें चार गोष्टी कराव्या. पहिली, ज्या दलालामार्फत नोकरी मिळाली त्याजवळ नौवहन खात्याचा भरतीचा परवाना आहे कीं नाहीं, हें स्वतः पडताळून पाहावें. परवान्यावांचून झालेल्या नोकरींत पुढें कागदच हातीं राहात नाहींत, आणि दूरच्या बंदरांत अडकून पडणाऱ्या खलाशांत आपल्या देशाच्या मुलांचा भरणा मोठा असतो. दुसरी, कराराची सही झालेली पूर्ण प्रत घरीं ठेवावी आणि तींत मृत्यूची व अपंगत्वाची रक्कम अंकांत लिहिली आहे कीं नाहीं तें पाहावें. तिसरी, वारस म्हणून कोणाचें नांव आहे तें विचारावें; लग्न झाल्यावर तें बदलावयाचें पुष्कळजण विसरतात आणि मग सुनेला सासरीं व कचेरींत दोन्हीकडे झगडावें लागतें. चौथी, जहाजावर पाय ठेवल्याबरोबर भिंतीवरच्या त्या प्रमाणपत्राचें छायाचित्र काढून घरीं पाठवावयास मुलास सांगावें. विम्याचे शब्द त्याला कळोत न कळोत. संकटाच्या दिवशीं तो कागद घरांत असला म्हणजे झालें.

देशांतील जहाजमालकांची अशीच एक परस्पर मंडळी भारतानेंही उभारावी, असा विचार आपल्याकडे बराच काळ चालला आहे. ती व्हावी असें मलाही वाटतें. मात्र ती उभारतांना तिजोरी केवढी, एवढाच विचार पुरेसा नाहीं. तिचें दार कोणत्या बाजूस आहे तेंही पाहिलें पाहिजे. रेवसच्या ज्या कोळ्यांनीं ‘रामदास’चे उतारू पाण्यांतून ओढून काढले, त्यांनीं आधीं वर्गणीची पावती विचारली नव्हती. मालकांची मंडळी तेवढी उदार होणार नाहीं, आणि व्यवहारांत तशी अपेक्षाही करूं नये. पण कायद्यानें तिला एवढें तरी भाग पाडावें, कीं बुडालेल्या माणसाच्या घरच्यांस मालकाच्या मागें मागें हिंडण्याची पाळी न येवो.

हा लेख लिहिण्यापूर्वीं मीं यांतील मजकूर वहिनींस साताऱ्यास जाऊन सांगितला. त्यांनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें, मग नातवास हांक मारून त्याचा करार मागविला. वारसाच्या जागीं त्यानें आपल्या आईचें नांव लिहिलें होतें. रकमेचा आंकडाही होता. दलालाच्या परवान्याचा क्रमांक वहिनींनीं त्याच्याकडून वाचवून घेतला आणि पंचांगाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, जेथें त्या दूधवाल्याचा हिशेब व लेकीसुनांच्या माहेरचे पत्ते लिहितात, तेथें स्वच्छ अक्षरांत उतरून घेतला. त्याखालीं एक ओळ मोकळी सोडली.

“ही कशाला, आजी?” पोरानें विचारलें.

“जहाजावर गेलास कीं भिंतीवरचें तें नांव पाठव. येथें लिहावयाचें आहे.”

“आजी, आतांशीं जहाजें बुडत नाहींत ग अशीं.”

“न बुडोत,” वहिनी म्हणाल्या. “पण ओळ मोकळी राहतां कामा नये.”

परवां त्याचें छायाचित्र आलें. ओळ भरली आहे.